प्रकल्प नोंदी: लिनक्सवर लिहिलेली नोटबुकं विंडोजवर चालवताना

३ मार्च २०२५

सर्व्हरच्या लॉग फाइली चाळून आठवड्याचे तक्ते काढणारी ही ज्युपिटर नोटबुकं (कोड आणि त्याचं उत्तर ‘सेल’ नावाच्या चौकटींत एकत्र ठेवणाऱ्या फाइली) लिनक्सवर लिहिली गेली आणि आजवर तिथेच चालली. आता ती ज्यांच्या हाती द्यायची आहेत, त्यांतल्या बहुतेकांकडे विंडोज आहे. पायथॉनचा भाग जसाच्या तसा चालतो. गाडी अडते ती उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींवर. पहिल्याच सेलमध्ये फाइलींची यादी मागणारं ‘!एलएस’ आहे, आणि उत्तर येतं की एलएस ही अंतर्गत किंवा बाह्य आज्ञा म्हणून ओळखता येत नाही.

हा संदेश सीएमडीचा, म्हणजे विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा आहे, पायथॉनचा त्यात काही हात नाही. उद्गारचिन्ह ही आयपायथॉनची, म्हणजे नोटबुकामागे पायथॉन चालवणाऱ्या प्रोग्रामची सोय. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथॉन सुरू केलं, २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर वेगळं झालं, पण ही सोय तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. ती एवढंच करते: उरलेली ओळ उचलून त्या यंत्रावरच्या शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली करते. विंडोजवर ते शेल म्हणजे ‘कॉमस्पेक’ या चलात नोंदलेलं सीएमडी. त्याला एलएस, हेड (पहिल्या ओळी दाखवणारं), ग्रेप (मजकूर शोधणारं), डब्ल्यूसी (ओळी-अक्षरं मोजणारं) यांतलं काहीच माहीत नाही.

याहून काळजीची बाब म्हणजे सेल लाल झाला नाही. आज्ञा फसली तरी उद्गारचिन्हाची ओळ अपवाद (चूक सांगून काम थांबवणारा पायथॉनचा इशारा) उभा करत नाही. फक्त ‘_एक्झिट_कोड’ या चलात शून्याऐवजी दुसरा आकडा ठेवते आणि नोटबुक पुढे सरकतं. ‘रन ऑल’ केलं तर शेवटच्या सेलपर्यंत सगळं सुखरूप पोचल्यासारखं दिसतं, आणि तक्ता रिकामा असतो.

४ मार्च

एक सहकारी म्हणाला, “माझ्याकडे तर एलएस चालतं.” त्याने ओळ दाखवली. त्याने टक्क्याचं चिन्ह लावलं होतं, उद्गारचिन्ह नव्हे. ‘%एलएस’ ही आयपायथॉनची मॅजिक, म्हणजे त्याची स्वतःची खास आज्ञा आहे आणि विंडोजवर तिच्याआड विंडोजची यादीची आज्ञा ‘डिर /ओएन’ दडलेली आहे. यादी मिळते, पण डिरच्या साच्यातली: वर ड्राइव्हचं नाव, खाली मोकळ्या जागेचा आकडा. डोळ्यांनी बघायला पुरे. पुढच्या सेलला तीच यादी वाचायची असेल तर निरुपयोगी.

‘!सीडी’ आणि ‘%सीडी’ यांचंही तसंच. उद्गारचिन्हाची प्रत्येक ओळ नवीन शेल उघडते आणि ओळ संपली की ते मिटतं, म्हणून तिथे बदललेला फोल्डर तिथेच विरतो. टक्क्याची आज्ञा मात्र खुद्द कर्नलचा, म्हणजे नोटबुकामागे चालू असलेल्या पायथॉनचा फोल्डर बदलते. हे लिनक्सवरही असंच आहे, म्हणून नोटबुकांत सगळीकडे ‘%सीडी’च आहे. तेवढं काम वाचलं.

६ मार्च

आज सगळ्या नोटबुकांतल्या शेलच्या ओळी एका जागी काढल्या. त्यांचे सरळ दोन ढीग पडतात.

पहिल्या ढिगात किरकोळ कामं: फोल्डर बनवणं, फाइल हलवणं, पहिल्या पाच ओळी बघणं, पॅकेज बसवणं. यांना शेलची गरजच नाही. पायथॉनच्या पाथलिब आणि शटिल या मॉड्यूलांनी ती दोन्हीकडे सारखीच होतात. पॅकेजसाठी ‘!पिप’च्या जागी ‘%पिप’ टाकलं. उद्गारचिन्हवालं पिप पाथवर (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जे पायथॉन आधी सापडेल त्यात पॅकेज टाकतं, टक्केवालं चालू कर्नलच्या पायथॉनमध्येच टाकतं. एकाहून अधिक पायथॉन असलेल्या यंत्रावर हा फरक दिवस खातो.

दुसऱ्या ढिगात खऱ्या पाइपलाइनी आहेत, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट पाइपने पुढच्या आज्ञेला देणाऱ्या साखळ्या. लॉगमधून एक स्तंभ कापायचा, क्रम लावायचा, सारख्या ओळी मोजायच्या, मोठ्यापासून लहानाकडे मांडायच्या, वरच्या दहा घ्यायच्या. सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट, हेड. या पायथॉनमध्ये बसवता येतात, मोजणीसाठी त्याचं काउंटर आहेच. पण मला त्या तशाच ठेवायच्या आहेत. डग मॅक्‌इलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आणला. एवढ्या वर्षांनंतरही मोठी लॉग फाइल मेमरीत न भरता चाळण्याचा याहून सुटसुटीत मार्ग मला ठाऊक नाही. शिवाय हीच ओळ उद्या सर्व्हरवर टर्मिनलमध्ये जशीच्या तशी चालवता येते. नोटबुक शिकण्यासाठी वाचणाऱ्याला हे दिसायला हवं.

तेव्हा ठरलं: पहिला ढीग पायथॉनमध्ये, दुसरा खऱ्या बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या शेलमध्ये. आता विंडोजवर बॅश कुठून आणायचं ते बघायचं.

७ मार्च

सोपा दिसणारा रस्ता आधी तपासला. विंडोजसाठीचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवताना एक पर्याय असा येतो की गिटसोबतची युनिक्सची साधनं थेट पाथवर घालावीत. तो निवडला की ‘!एलएस’ लगेच चालतं. पण त्या पर्यायाखाली इशाराही लिहिलेला असतो: विंडोजची फाइंड आणि सॉर्ट ही साधनं झाकली जातील.

नावं सारखी असली तरी यांची कामं निराळी आहेत. विंडोजचं फाइंड फाइलींच्या आतला मजकूर शोधतं, युनिक्सचं फाइंड फोल्डरांतून फाइली शोधतं. विंडोजचं सॉर्ट आकड्यांनाही अक्षरं समजून लावतं, म्हणजे १० आधी आणि ९ नंतर. कुणाच्या यंत्रावर कोणतं आधी सापडेल ते पाथच्या क्रमावर. आमच्या नोटबुकासाठी दुसऱ्याच्या यंत्रावरच्या जुन्या बॅच फाइली (सीएमडीच्या आज्ञांच्या फाइली) मोडणं मला मान्य नाही. हा रस्ता सोडला.

१० मार्च

याच संदर्भात अवतरणचिन्हांचं प्रकरण नोंदवून ठेवते, कारण केवळ साधनं पाथवर घातल्याने काम का भागत नाही हे इथे अगदी स्पष्ट दिसतं.

एका सेलमध्ये ग्रेपने ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह असलेल्या ओळी मोजायच्या आहेत. लिनक्सवर ते चिन्ह एकेरी अवतरणात ठेवलं की झालं. सीएमडी एकेरी अवतरणाला अवतरण मानतच नाही, त्याच्या लेखी ते एक साधं अक्षर. त्यामुळे मधलं चिन्ह उघडं पडतं आणि सीएमडी ते ‘आउटपुट फाइलीत वळव’ असं वाचतं. ग्रेप सुरू होण्याआधीच फोल्डरमध्ये एक नवी फाइल तयार झाली, जिचं पूर्ण नाव म्हणजे एक एकेरी अवतरणचिन्ह. सेलखाली काही नाही, कारण जे काही यायचं होतं ते त्या फाइलीत गेलं. अशी फाइल कुणाच्या फोल्डरमध्ये दिसली तर समजावं की लिनक्सची ओळ सीएमडीतून गेली आहे.

तारकेचीही हीच कथा. बॅश ‘*.लॉग’ ही खूण स्वतः उलगडून प्रोग्रामला फाइलींची नावं देतं. सीएमडी ती तशीच पुढे ढकलतं, ती उलगडायची की नाही हे त्या प्रोग्रामवर. आणि सीएमडीच्या एका ओळीला ८१९१ अक्षरांची मर्यादा आहे. फाइलींची लांबलचक यादी ओळीत भरणारा आमचा एक सेल त्यापलीकडे जातो.

साधनं युनिक्सची आणि शेल सीएमडीचं, अशी जोडी जमत नाही. शेलच बदललं पाहिजे.

११ मार्च

सेलच्या डोक्यावर ‘%%बॅश’ लिहिलं की पूर्ण सेल बॅशकडे जातो. अवतरणं, तारका, पाइप, लूप सगळं बॅशच्या नियमांनी. आणखी एक फायदा: सेलच्या मजकुरात आयपायथॉन ढवळाढवळ करत नाही. उद्गारचिन्हाच्या ओळीत महिरपी कंसातलं आणि डॉलरनंतरचं आयपायथॉन आधी पायथॉनचं चल म्हणून उलगडू बघतं. ओळींतले स्तंभ कापणाऱ्या ऑकची आज्ञा महिरपी कंसातच असते. ती पायथॉन म्हणून वाचता आली नाही की आयपायथॉन त्या ओळीतलं काहीच उलगडत नाही. म्हणजे त्याच ओळीत फाइलीचं नाव चलातून दिलेलं असेल तर तेही कच्चंच राहतं. उपाय दुहेरी कंसांचा आहे, पण वाचणाऱ्याचे डोळे फिरतात. ‘%%बॅश’मध्ये हा त्रास नाही. चल द्यायचं तर डोक्यावरच्या ओळीत ‘-एस’पुढे द्यावं आणि आत ‘डॉलर १’ म्हणून घ्यावं.

अडचण वेगळीच निघाली. हे बॅश नेमकं कोणतं? माझ्या यंत्रावर गिटचं बॅश आहे, आणि डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालू केल्यामुळे सिस्टम३२ फोल्डरमध्येही एक बॅश आहे. पाथमध्ये गिटचा बिन फोल्डर सगळ्यात वर ठेवला तरी सेल डब्ल्यूएसएलमध्येच उघडतो. कारण पूर्ण मार्ग न देता प्रोग्राम सुरू केला की विंडोज पाथ बघायच्या आधी सिस्टम३२ बघतं. पाथ कितीही हलवला तरी फरक पडणार नाही. पूर्ण मार्ग द्यावाच लागेल.

१३ मार्च

डब्ल्यूएसएलचा विचार नीट करून टाकला, कारण काही जणांचा त्यावर भर आहे. २०१६ मध्ये ते विंडोज १० मध्ये आलं आणि २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती खऱ्या लिनक्स कर्नलसह (इथे कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) सर्वांना मिळाली. साधन उत्तम आहे. पण ते वापरायचं तर ज्युपिटर आणि फाइली दोन्ही डब्ल्यूएसएलच्या आत ठेवाव्यात आणि विंडोजमधून फक्त ब्राउझर उघडावा. मग नोटबुकाच्या दृष्टीने ते लिनक्सच आहे, एकही ओळ बदलावी लागत नाही. ज्यांना हे बसवता येतं त्यांना हाच सल्ला देणार.

पायथॉन विंडोजचं आणि मधूनमधून डब्ल्यूएसएलची हाक, हा प्रकार मात्र टाळावा. ‘!डब्ल्यूएसएल कॅट’ करून पाइपने डब्ल्यूसीकडे दिलं तर पाइप सीएमडीच्या हाती पडतो, आणि डब्ल्यूसी विंडोजवर शोधलं जातं. सी ड्राइव्हचा मार्ग तिथे ‘/एमएनटी/सी’ होतो, म्हणजे पायथॉनला एक मार्ग आणि बॅशला दुसरा. दुसऱ्या आवृत्तीत विंडोजच्या फाइली त्या वाटेने वाचणं संथही आहे. आणि ‘!डब्ल्यूएसएल -एल’ने बसवलेल्या लिनक्सची यादी मागितली तर प्रत्येक अक्षरानंतर फट पडलेली दिसते, कारण ती यादी यूटीएफ-१६ या दोन-दोन बाइटांच्या साच्यात येते. ‘डब्ल्यूएसएल_यूटीएफ८’ हे चल १ केलं की ती नीट दिसते.

शिवाय कंपन्यांच्या यंत्रांवर डब्ल्यूएसएल चालू करण्याची परवानगी सगळ्यांना नसते. गिट मात्र नोटबुकं उतरवण्यासाठी प्रत्येकाकडे आधीच आहे. गिटचं बॅश पक्कं.

१७ मार्च

आजचं काम मनासारखं झालं. नोटबुकांसोबत एक छोटं पायथॉन मॉड्यूल दिलं. ते आयपायथॉनमध्ये ‘%%युनिक्स’ नावाची सेल मॅजिक नोंदवतं. लिनक्सवर ती तिथलं बॅश घेते. विंडोजवर आधी गिट शोधते. गिट नेहमीच्या पद्धतीने बसवलं की त्याचा ‘सीएमडी’ फोल्डर पाथवर असतो, तिथून एक पायरी वर चढून ‘बिन’मधलं बॅश उचलते. ‘यूएसआर/बिन’मध्येही एक बॅश आहे, पण ते थेट चालवलं तर स्वतःचा पाथ मांडत नाही आणि आतून एलएससुद्धा सापडत नाही. ‘बिन’मधलं ही मांडामांड करून देतं.

सेलचा मजकूर बॅशला स्टँडर्ड इनपुटमधून दिला आहे. आज्ञेच्या ओळीतून दिला असता तर विंडोजच्या अवतरणांचे नियम पुन्हा मध्ये आले असते. इथे एक बारकावा जपायला हवा: मजकूर बाइट्स म्हणून द्यायचा. दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेस मॉड्यूलला मजकूर म्हणून दिला तर पायथॉन विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (‘\आर’) हे अक्षर जोडतं. बॅशला ते अक्षर आज्ञेचाच भाग वाटतं आणि ‘\आर ही आज्ञा सापडली नाही’ अशी तक्रार येते. डोळ्यांना न दिसणारं अक्षर असल्यामुळे यावर तासन्‌तास जाऊ शकतात. त्याच कारणाने रिपॉझिटरीच्या गिटअॅट्रिब्यूट्स फाइलीत एक ओळ घातली, की शेल स्क्रिप्टांच्या ओळी कायम एलएफनेच, म्हणजे कॅरेज रिटर्नविना संपाव्यात. नाहीतर विंडोजवर उतरवताना गिट त्यांचं सीआरएलएफ करू शकतं.

इनपुटमधून स्क्रिप्ट देण्याची किंमत एक आहे. सेलमधली एखादी आज्ञा स्वतःच इनपुट वाचू लागली तर ती पुढच्या ओळीच गिळते. अशा आज्ञेला इनपुट म्हणून डेव्ह-नल (कायम रिकामी असलेली फाइल) द्यावं लागतं.

१८ मार्च

मॅजिकने बॅशचा निकाल बघून तो शून्य नसेल तर अपवाद उभा करायचा, हे पहिल्या दिवसापासून हवं होतं. त्यासाठी प्रत्येक सेलच्या आधी ‘सेट -ई’ (आज्ञा फसताच थांबवणारं) आणि ‘पाइपफेल’ आपोआप लावलं. पाइपफेल नसेल तर पाइपलाइनचा निकाल म्हणजे फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल. पहिलीला फाइलच सापडली नाही तरी शेवटच्या हेडला त्याचं काही नसतं, ते यशस्वी म्हणूनच परततं.

दुपारपर्यंत छोट्या फाइलींवर सगळं चाललं, मोठ्या फाइलीवर सेल १४१ या निकालाने थांबला. कारण समजून घेण्यासारखं आहे. हेड दहा ओळी घेऊन निघून जातं. मागचं सॉर्ट अजून लिहितच असतं, त्याला ‘पाइप तुटला’ असा सिग्नल मिळतो आणि ते मरतं. हा सिग्नल १३ क्रमांकाचा, त्यात १२८ मिळवले की १४१. छोट्या फाइलीत सॉर्टचं सगळं लिखाण पाइपच्या बफरमध्ये मावतं, म्हणून प्रश्न दिसत नाही. पाइपफेल काढण्यापेक्षा हेडच्या जागी ‘सेड -एन १,१०पी’ ठेवलं. ते दहाच ओळी छापतं पण वाचतं शेवटपर्यंत, त्यामुळे सॉर्ट सुखाने संपतं.

ग्रेपकडेही लक्ष हवं. काही सापडलं नाही तर ते १ परत करतं आणि ‘सेट -ई’ सेल थांबवतं. ‘चुकीची नोंद एकही नाही’ ही लॉगमधली चांगली बातमी, तिच्यामुळे नोटबुक अडू नये. तिथे १ चालवून घ्यायचा आणि २ आला तरच थांबायचं, कारण २ म्हणजे खरी चूक.

२० मार्च

मार्ग. पायथॉनकडून मिळालेल्या विंडोजच्या मार्गात उलट्या तिरक्या रेघा असतात आणि बॅश त्या खाऊन टाकतं. मॅजिककडे जाणारा प्रत्येक मार्ग पाथलिबच्या ‘अॅज_पॉझिक्स’मधून काढला. गिटचं बॅश ‘सी:/’ने सुरू होणारे मार्ग समजतं. अवतरणात ठेवायला विसरू नये, फोल्डरांच्या नावांत मोकळ्या जागा असतात.

२१ मार्च

दोन्ही यंत्रांवरचे तक्ते ताडून पाहिले. आकडे सारखे, ओळींचा क्रम वेगळा. सॉर्ट लोकेलप्रमाणे (यंत्राच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) क्रम लावतं आणि दोन यंत्रांवरचं लोकेल निराळं. ‘एलसी_ऑल’ हे चल ‘सी’ केलं की क्रम बाइटांनुसार लागतो आणि दोन्हीकडे एकच येतो. मॅजिकमध्ये घालून टाकलं.

मग देवनागरी मजकुराची चाचणी. ‘मराठी’ या शब्दात यूनिकोडची ५ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ‘डब्ल्यूसी -सी’ १५ सांगतं ते बरोबरच, तो बाइट मोजतो. ‘डब्ल्यूसी -एम’ने ५ सांगायला हवं, पण लोकेल ‘सी’ असताना तोही १५ सांगतो. म्हणून अक्षरं मोजणारे सेल पायथॉनकडे दिले आणि बॅशकडे फक्त ओळी मोजणं ठेवलं. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं. विंडोजवर पायथॉन अजून यंत्राचं जुनं कोडपेज (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) गृहीत धरतं, हे ३.१५ आवृत्तीपासून बदलायचं ठरलेलं आहे. तोवर न लिहून चालणार नाही.

२५ मार्च

गिट आणि पायथॉन एवढंच असलेल्या नव्या विंडोज यंत्रावर ‘रन ऑल’. दोन सेल थांबले, आणि थांबले तेव्हा लाल झाले, कुठे आणि का ते सांगून. एकात फाइल इंटरनेटवरून उतरवणारं डब्ल्यूगेट होतं, दुसऱ्यात झिप. गिटच्या संचात ही दोन्ही नसतात. पहिल्याच्या जागी कर्ल ठेवलं, ते संचात आहे. झिपचं काम पायथॉनच्या झिपफाइलकडे गेलं.

तिसरी गोष्ट पायथॉनच्या बाजूची. एक सेल लॉग उघडी असतानाच ती पुसतो. लिनक्सला ते चालतं, विंडोज ‘फाइल दुसरी प्रक्रिया वापरत आहे’ म्हणून ३२ क्रमांकाची चूक देतं. ‘विथ’च्या आत उघडून बंद झाल्यावर पुसली.

२६ मार्च

फक्त एक नोटबुक उरलं आहे. त्यात ‘टेल -एफ’ने चालू लॉगवर नजर ठेवली आहे. हा सेल कधी संपतच नाही आणि तोवर कर्नल दुसरं काही करत नाही, लिनक्सवरही. ते मॅजिकमध्ये बसवण्यात अर्थ नाही. हा भाग नोटबुकातून काढून वेगळ्या टर्मिनलमध्ये चालवायची सूचना लिहिली. नोटबुक आता लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी एकदा वाचतं, आणि सेल पुन्हा चालवला की पुन्हा वाचतं. या सगळ्या बदलांची गिटमधली शाखा मुख्य शाखेत मिळवायला पाठवली आहे.